जुन्या कौलारू घरात डीप फ्रीझर नेमका कुठे ठेवावा?

परसातली जाई, डिचोली

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातील एका खेड्यात, आजेसासऱ्यांनी बांधलेल्या चिरेबंदी कौलारू घरात राहतो. येत्या पंधरवड्यात ३०० लिटरच्या आसपासचा, वरून झाकण उघडणारा डीप फ्रीझर घ्यायचे घरात ठरले आहे. कोणता घ्यायचा हेही जवळजवळ नक्की झाले आहे. अडले आहे ते त्याच्या जागेपाशी, आणि घरातल्या चार मोठ्या माणसांची चार मते असल्यामुळे मी आपणा सर्वांचा अनुभव विचारत आहे.

गरज आमची खरी आहे. परसात मानकुराद आंब्याची दोन झाडे आहेत, एक फणस आणि एक नीरफणस आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याचा रस, गरे आणि पुढे नीरफणसाच्या फोडी ठेवायला नेहमीच्या फ्रिजचा वरचा कप्पा पुरत नाही. नारळ उतरवल्यावर एकदम वीस-पंचवीस नारळांचे चून, म्हणजे खोवलेले खोबरे, काढून ठेवता आले, तर सकाळची धावपळ पुष्कळ कमी होईल. शिवाय १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्याआधी, मे संपण्यापूर्वी, थोडी इसवण (सुरमई) आणि सुंगटे (कोळंबी) घेऊन ठेवावीत असा यजमानांचा आग्रह आहे.

दुकानात जाऊन मी टेपने माप घेतले. लांबी ११५ सेंटिमीटर, खोली ७० सेंटिमीटर, उंची ८८ सेंटिमीटर आणि झाकण पूर्ण उघडल्यावर साधारण दीड मीटर. घरात जागा अशा आहेत.

पहिली जागा परसदारची पडवी. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर लगेच आहे, वारा भरपूर, वर कौले, तीन बाजूंनी लोखंडी जाळी. पावसाळ्यात मात्र नैर्ऋत्येचा वारा सुटला की झड आत येते आणि फरशीला न्हाणीच्या बाजूने उतार आहे. दुसरी जागा कोठार. आठ फूट बाय सहा फूट, एकच लहान झरोका, तांदूळ आणि नारळ तिथेच असतात. सासूबाईंच्या मते घरातील सर्वांत थंड खोली तीच असल्यामुळे फ्रीझरही तिथेच शोभेल. तिसरी जागा माजघरातील स्वयंपाकघराकडच्या भिंतीलगतची, जिथे आज एक जुने लाकडी कपाट उभे आहे. चौथी जागा स्वयंपाकघरातच, पण तिथे शेगडी आणि सिलिंडर यांच्यापासून जेमतेम हातभर अंतर राहते आणि पश्चिमेची खिडकी थेट त्या कोपऱ्यावर ऊन टाकते.

सासूबाईंचे वय चौऱ्याहत्तर आहे, घरात सहा आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत, आणि वीज आमच्याकडे पावसाळ्यात वरचेवर जाते. हे सगळे लक्षात घेऊन आपण काय सुचवाल?


चिरेबंदी, फोंडा

ताई, आपला प्रश्न वाचून मला माझीच नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आठवली, कारण आपल्या सासूबाईंनी जे सुचवले आहे तेच आम्ही केले होते. कोठार थंड असते म्हणून फ्रीझर कोठारात ठेवावा हे वरवर अगदी पटण्यासारखे आहे, पण ते चूक आहे.

कोठार थंड असते ते त्यात उष्णता निर्माण करणारे काही नसते म्हणून. फ्रीझर आतली उष्णता काढून बाहेर टाकतो, आणि तो जेवढी वीज घेतो तेवढीही शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. झरोका लहान आणि दार बंद असले, तर ती उष्णता जाणार कुठे? आमच्या कोठारात पंधरा दिवसांतच हवा कोंदट आणि गरम झाली. फ्रीझरच्या बाहेरच्या भिंती हाताला चांगल्याच ऊन लागत होत्या आणि कॉम्प्रेसर थांबतच नसे. मला वाटले यंत्र बिघडले. दुरुस्ती करणाऱ्याने येऊन सांगितले की यंत्र ठीक आहे, त्याला श्वास घ्यायला जागा नाही. नव्या बहुतेक आडव्या फ्रीझरमध्ये मागे काळी जाळी दिसत नाही, कारण उष्णता सोडणारी नळी पत्र्याच्या आतून भिंतीभर फिरवलेली असते. म्हणून त्याच्या चारही बाजूंना निदान १० ते १५ सेंटिमीटर मोकळी जागा लागते. आम्ही तर एका बाजूला तांदळाची पोती टेकवून ठेवली होती. त्या वर्षी त्या पोत्यांना कीड नेहमीपेक्षा लवकर लागली आणि खोबऱ्याला खवट वास आला.

याहून मोठे नुकसान पुढे झाले, आणि त्याचे कारण उष्णता नव्हते. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी विजा चमकल्या, मुख्य फळीवरचे सुरक्षा बटण पडले, आम्ही ते वर केले आणि घरातले दिवे आले. कोठाराच्या तारेवरचे वेगळे बटण मात्र पडलेलेच राहिले. कोठारात दररोज जाण्याचे कारण नव्हते, दार ओढून घेतलेले असे. चौथ्या दिवशी पत्नी नारळ आणायला गेली तेव्हा वासानेच कळले. आंब्याचा सगळा रस आणि आठ किलो मासे परसात खड्डा करून पुरावे लागले. झाकणाच्या खोबणीतला वास जाण्यास महिना लागला.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. फ्रीझर अशा जागी असावा की घरातले कोणी ना कोणी दिवसातून चार वेळा त्याच्या शेजारून जाईल, त्याचा दिवा डोळ्यांस दिसेल आणि त्याचा बारीक आवाज कानावर पडेल. थंड जागा, सोयीची जागा हे सगळे त्यानंतर. आम्ही नंतर तो स्वयंपाकघर आणि माजघर यांच्या मधल्या खणात आणला, आणि गेल्या आठ वर्षांत एकदाही असा प्रसंग आला नाही.

आपण दिलेल्या चार जागांत मी माजघर निवडीन. जुन्या घरांचे माजघर मध्यभागी असते, त्याच्या भिंतींवर थेट ऊन पडत नाही आणि कौलांखालची उंची भरपूर असल्यामुळे गरम हवा वर निघून जाते. मात्र कपाट हलवल्यावर त्याच्यामागची भिंत नीट तपासावी. आमच्या चिऱ्यांच्या भिंती पावसाळ्यात जमिनीपासून हातभर ओल धरतात आणि गिलाव्याला पोपडे येतात. अशा भिंतीला फ्रीझर चिकटवला तर मागचा पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो आणि तो दिसतही नाही.

आणखी एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. दारे मोजा. आमच्या माजघराच्या दाराची चौकट ६८ सेंटिमीटर होती आणि उंबरठा वीतभर उंच. फ्रीझर आडवा पाडून आत नेणे योग्य नाही. फार कलता झाला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत जाते. आम्हाला दाराची एक फळी बिजागरीतून काढावी लागली, आणि आत आणल्यावर काही तास तो तसाच उभा ठेवून मगच प्लग लावला.


तारकाम, पेडणे

मी गेली बावीस वर्षे घरांतील वीजजोडणीचे काम करतो. वर सांगितलेल्या चार दिवसांच्या प्रसंगाचे मूळ जोडणीत होते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

जागा ठरवताना लोक आधी फ्रीझर ठेवतात आणि मग जवळ प्लग आहे का ते पाहतात. प्लग लांब असला की जादा तारेची पेटी जमिनीवरून ओढतात. असे कधीही करू नये. फ्रीझर चालू असताना फारशी वीज घेत नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. बारीक तार आणि सैल खोबणी असेल तर त्या क्षणी दाब पडतो, खोबणी तापते, आणि वर्षभरात प्लगचे प्लास्टिक पिवळे पडून वितळू लागते. मी असे प्लग पुष्कळ काढले आहेत.

आपल्या घरात जुने लाकडी पट्टीवरचे वायरिंग असेल, तर फ्रीझरसाठी मुख्य फळीपासून स्वतंत्र तार आणावी. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तिच्यावर स्वतंत्र एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारे बटण), आणि भिंतीवर जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर पक्का तीन खोबणींचा प्लग. तो फ्रीझरच्या मागे दडवू नये, बाजूला ठेवावा, म्हणजे बटण दिसेल आणि कधी काढावा लागला तर अख्खा फ्रीझर ओढावा लागणार नाही.

गळतीच्या प्रवाहावर पडणारे जे सुरक्षा उपकरण असते, ते आरसीसीबी, माणसाचा जीव वाचवण्यासाठी आहे. ते काढून टाका असे मी कोणालाही सांगणार नाही, आणि कोणी सांगितले तर ऐकू नका. परंतु न्हाणीतला गिझर, परसातला पंप आणि फ्रीझर हे तिन्ही एकाच आरसीसीबीवर असतील, तर ओलीमुळे पंपात गळती झाली तरी फ्रीझर बंद पडतो. शक्य असेल तर फ्रीझरच्या तारेला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी द्यावा. खर्च थोडा वाढतो, पण दुसऱ्याच्या दोषाची शिक्षा फ्रीझरमधल्या अन्नाला होत नाही.

अर्थिंग तपासल्याशिवाय फ्रीझर जोडू नये. आपल्याकडे जमीन जांभ्याची, वरचा थर मे महिन्यात पार कोरडा पडतो, आणि जुन्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोणी वर्षानुवर्षे पाणी ओतलेले नसते. पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटणे हे अर्थिंग गेल्याचे लक्षण आहे. मुले घरात आहेत म्हणून हे अधिक गांभीर्याने लिहितो.

विजेचा दाब आमच्या गावात संध्याकाळी बराच उतरतो. आपल्याकडेही तसे होत असेल तर थांबून सुरू होणारा स्टॅबिलायझर घ्यावा. वीज गेली आणि लगेच आली, तर कॉम्प्रेसरला पुन्हा सुरू होण्यापूर्वी तीन ते पाच मिनिटांची उसंत मिळायला हवी, आणि ती उसंत असा स्टॅबिलायझर देतो. तो भिंतीवर टांगावा, फ्रीझरच्या झाकणावर नव्हे.

स्वयंपाकघरातील जागा मी साफ नाकारतो. गॅसच्या सिलिंडरमधला वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि फ्रीझरचा कॉम्प्रेसर व त्याचे स्वयंचलित बटणही जमिनीलगतच असते. या दोन गोष्टी हातभर अंतरावर नकोत. कोठाराविषयीही एक मुद्दा राहिला आहे. हल्लीच्या अनेक फ्रीझरमध्ये थंडावा निर्माण करण्यासाठी आर-६००ए हा वायू असतो. तो थोडाच असतो, पण पेट घेणारा आहे. नामपट्टीवर त्याचे वजन ग्रॅममध्ये दिलेले असते, आणि दर ८ ग्रॅमला निदान १ घनमीटर हवा असलेली खोली असावी असे अनेक माहितीपुस्तिकांत लिहिलेले असते. आपले कोठार आठ बाय सहा फुटांचे, म्हणजे नऊ फूट उंची धरली तरी १२ घनमीटर होते, आणि त्यातही पोती व नारळ भरलेले. घेण्यापूर्वी नामपट्टी वाचाच. तिच्यावरच हवामानाचा वर्गही छापलेला असतो. ‘एन’ हा वर्ग ३२ अंशांपर्यंतच्या, ‘एसटी’ ३८ अंशांपर्यंतच्या आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी खोलीतला पारा सहज ३२च्या वर जातो, त्यामुळे ‘एन’ घेऊ नये. थंड देशांतले लोक फ्रीझर गारठ्यात चालेल का याची चिंता करतात. आपल्याला ती चिंता नाही, आपली चिंता वरच्या टोकाची आहे.


खाऱ्या वाऱ्याकाठी, पेडणे

पडवीविषयी मी लिहिते, कारण आमचा फ्रीझर सहा वर्षे पडवीत होता आणि आमचे घर समुद्रापासून पायी दहा मिनिटांवर आहे.

पडवीत हवा खेळती असते हे खरे आहे, आणि उन्हाळ्यात तिथे फ्रीझर उत्तम चालला. पण आमच्या हवेत जून लागला की ओलावाच इतका असतो की फ्रीझरच्या झाकणाच्या कडांवर घाम सुटतो. पाणी ओघळून खाली जाते, पायांपाशी साचते आणि तिथून गंज चढतो. आत तर आणखी वाईट. झाकण उघडले की ओली हवा आत शिरते आणि तिचे हिम होऊन भिंतींवर बसते. घरातल्या फ्रीझरला जिथे वर्षातून दोनदा बर्फ काढावा लागतो, तिथे आम्हाला पावसाळ्यातच दर महिन्याला काढावा लागे. बर्फाचा थर अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की गारवा आत नीट पोहोचत नाही आणि वीज उगीच खर्च होते. आडव्या फ्रीझरमध्ये थंड हवा जड असल्यामुळे झाकण उघडल्यावर ती सांडून जात नाही, हा त्याचा मोठा गुण आहे, पण वाऱ्याच्या तोंडावर ठेवला तर तो गुणही निम्मा होतो.

त्याशिवाय पडवीत येणारे पाहुणे. कॉम्प्रेसरची जागा उबदार आणि कोरडी असते, त्यामुळे पावसात उंदीर तिथेच आसरा घेतात. आमच्या तारेचे आवरण दोनदा कुरतडले गेले. एकदा त्याच जागी धामण वेटोळे घालून बसलेली दिसली. ती बिनविषारी असली तरी झाकण उघडायला गेलेल्या माझ्या जाऊबाईंना त्या दिवशी ताप भरला. मागच्या खाचेला बारीक जाळी लावता येते, पण ती धुळीने आणि कोळिष्टकांनी भरते व दर पंधरा दिवसांनी पुसावी लागते, नाहीतर हवा अडते.

तौते वादळाने मला एक गोष्ट शिकवली, ती इथे सांगणे आवश्यक वाटते. १६ मे २०२१ रोजी वादळ किनाऱ्याजवळून गेले आणि झाडे तारांवर पडल्यामुळे आमच्या वाड्यात तीन दिवस वीज नव्हती. फ्रीझर गच्च भरलेला असेल आणि झाकण उघडले नाही, तर माल साधारण ४८ तास गोठलेला राहतो. अर्धा भरलेला असेल तर २४ तास. हा हिशेब बऱ्या हवेच्या खोलीतला आहे. आमचा फ्रीझर त्या वेळी पडवीत, दुपारच्या झळांत होता, आणि दुसऱ्या दिवशी दुपारीच वरचे थर मऊ पडले. शेजारच्या घरात तसाच फ्रीझर आतल्या खोलीत होता, त्यांनी त्याच्यावर दोन गोधड्या टाकल्या होत्या आणि त्यांचा माल दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत दगडासारखा होता. वीज नसताना गोधडी घालावी, वीज आली की पहिल्यांदा ती काढावी. चालू फ्रीझरवर कापड पांघरले तर भिंतींतून निघणारी उष्णता कोंडते. आपल्याकडे सगळ्या यंत्रांवर क्रोशाचे आच्छादन घालायची हौस असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता आमचाही फ्रीझर आत आहे. पडवीचा आग्रह आपल्या घरात कोणाचा असेल, तर त्यांना पावसाळ्यातली एक झडीची दुपार त्या जागी उभे राहायला सांगावे.


परसातली जाई, डिचोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. स्वयंपाकघर आणि कोठार या दोन्ही जागा मी कागदावरून खोडल्या आहेत. पडवीचा आग्रह यजमानांचा होता. २०२१च्या जुलैमधल्या पुरात पाणी आमच्या परसाच्या खालच्या पायरीपर्यंत आले होते, याची आठवण करून दिल्यावर तेही नरम झाले.

माजघर राहिले. त्यासंबंधी दोन अडचणी आहेत, आणि त्या लहान वाटल्या तरी आमच्या घरात लहान नाहीत. पहिली अशी की माजघराच्या पलीकडच्या भिंतीशी आमचे देवघर आहे आणि चतुर्थीला गणपती त्याच खोलीत, माटोळीखाली (फळे-पाने टांगलेल्या लाकडी चौकटीखाली) बसतो. त्याच खोलीत मासे ठेवलेले फ्रीझर असणे सासूबाईंना मान्य नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते जड जाते. दुसरी अशी की माजघरात पाणी जायला मोरी नाही, मग बर्फ काढताना निघणारे पाणी कुठे सोडायचे? सासूबाईंची उंची कमी आहे, तळाशी त्यांचा हात पोहोचेल का, हाही प्रश्न आहेच.


मोठीआई, काणकोण

सूनबाई, मी वयाने तुमच्या सासूबाईंच्याच बरोबरीची आहे, म्हणून त्यांची अडचण मला लगेच समजली. ती बाजूला सारू नका. जागा यंत्राला मानवली पण घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या मनाला रोज टोचत राहिली, तर त्या जागेचा उपयोग नाही.

आमच्याकडेही असाच प्रश्न आला होता, आणि तो वर्षाच्या फेऱ्यानेच सोडवला. तुम्ही मासे घेणार मे संपताना. बंदी उठते ३१ जुलैला, आणि श्रावण त्याच सुमारास लागतो. म्हणजे ठेवलेले मासे श्रावणापूर्वी संपवायचे हा हिशेब आपोआपच बसतो. बांगड्यासारखे तेलकट मासे तर दोन-तीन महिन्यांपलीकडे फ्रीझरमध्येही चवीला राहत नाहीत, त्यामुळे ते संपवण्यातच शहाणपण आहे. आषाढ संपला की आम्ही फ्रीझर पूर्ण रिकामा करतो, बर्फ काढतो, सोड्याच्या पाण्याने आतून धुतो, झाकण दिवसभर उघडे ठेवून वाळवतो आणि मगच पुन्हा सुरू करतो. त्यानंतर चतुर्थी होईपर्यंत त्यात नारळाचे चून, गरे, रस आणि भाज्या यांखेरीज काही जात नाही. बर्फ काढण्याची वर्षातली मुख्य वेळही हीच, कारण तेव्हा तो सर्वांत जास्त साचलेला असतो आणि आत माल सर्वांत कमी असतो. माशांसाठी आम्ही झाकणाचा वेगळा डबा ठेवला आहे, तो एरवीही चुनाच्या शेजारी येत नाही. नारळ वास फार लवकर ओढतो.

तरीही देवघर आणि फ्रीझर एकमेकांसमोर नसावेत असे वाटत असेल, तर मधे लाकडी जाळीचा आडोसा करता येतो. जाळीच हवी, बंद फळी नको, नाहीतर पुन्हा हवा कोंडेल.

पाण्याविषयी. फ्रीझरच्या तळाशी एक बूच असते. ते कोणत्या बाजूला आहे ते घेतानाच पाहा आणि ती बाजू मोकळ्या जागेकडे येईल असा ठेवा. खाली पसरट परात सरकेल एवढी उंची हवी, म्हणून चार पायांचे लोखंडी किंवा जाड प्लास्टिकचे स्टँड घ्यावे. लाकडी फळी घालू नका, ओल आणि वाळवी दोन्ही तिथे येतात. आम्ही बर्फ लाकडी उलथन्याने हळूहळू सोडवतो आणि अर्धेअधिक तुकडे बादलीतून थेट परसातल्या केळीला टाकतो, त्यामुळे बुचातून येणारे पाणी दोन-तीन परातींपेक्षा जास्त होत नाही. सुरीने कधी खरवडू नका. नळीला भोक पडले तर फ्रीझर गेलाच.

स्टँड मात्र पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा उंच नको. उंच केला तर तुमच्या सासूबाईंचा हात तळाला पोहोचणार नाही. रोज लागणाऱ्या गोष्टी वरच्या टोपल्यांत ठेवाव्यात, तळाशी महिन्यातून एकदा लागणाऱ्या, आणि समोर माणसाला वाकून उभे राहायला निदान तीन फूट मोकळे हवेत. मी स्वतः पुढे लाकडी पाट ठेवत असे, पण एकदा त्यावरून तोल गेला. तेव्हापासून तळाचे काम नातवाला सांगते.

आणि मुले घरात आहेत म्हणून शेवटचे. कुलूप असलेला फ्रीझर घ्या, तो नेहमी लावा, आणि किल्ली उंच खुंटीला अडकवा. लपाछपी खेळताना मुले कुठे शिरतील याचा नेम नसतो, आणि त्या झाकणाच्या आत गेलेल्या मुलाची हाक बाहेर ऐकू येत नाही.


परसातली जाई, डिचोली

मोठीआई, तुमचे लिहिणे मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवले. आषाढ संपताना फ्रीझर धुऊन घ्यायचा हे त्यांना इतके पटले की आता ते काम आपल्या देखरेखीखाली होईल असे त्यांनी जाहीरही केले आहे. त्यामुळे माजघर नक्की झाले.

काल आम्ही कपाट हलवले. मागची भिंत जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरपर्यंत ओली आणि पोपडे आलेली निघाली, म्हणजे फोंड्याच्या दादांनी सांगितले तेच. तिथला गिलावा काढून भिंत वाळू द्यायला ठेवली आहे, आणि फ्रीझर तिच्यापासून एक वीत सोडून ठेवायचे ठरले आहे. जागेची लांबी १६५ सेंटिमीटर भरली, त्यामुळे दोन्ही बाजूंना २५-२५ सेंटिमीटर सुटतात. दाराची चौकट ७४ सेंटिमीटर आहे, फ्रीझर ७० चा. उंबरठ्यावरून तो चार माणसांनी उभाच उचलून आणायचा आहे.

तारकाम करणाऱ्या भाऊंच्या सल्ल्याप्रमाणे गावातील वायरमनला बोलावून स्वतंत्र तारेचे सांगितले. अर्थिंगचा खड्डा पाहिल्यावर त्याने तो नव्याने करावा लागेल असे स्पष्ट सांगितले. तो खर्च हिशेबात नव्हता, पण मुलांचा विचार करून लगेच होकार दिला. दुकानात पुन्हा जाऊन नामपट्टी वाचली. हवामानाचा वर्ग ‘टी’ आहे, आणि बूच समोरून पाहता उजव्या बाजूला खाली आहे, जी आमच्याकडे परसाच्या दाराची बाजू येते.

एकच विचारायचे राहिले. माजघरातल्या त्या जागेशेजारच्या भिंतीपलीकडे सासूबाईंची निजायची जागा आहे. रात्री आवाजाचा त्रास होतो का?


चिरेबंदी, फोंडा

ताई, आवाज साधारण फ्रिजएवढाच असतो, आणि चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे तो जवळपास पोहोचत नाही. मात्र फ्रीझर चारही पायांवर समपातळीत बसला पाहिजे. झाकणावर वाटीत पाणी ठेवून पाहावे, पाणी एका बाजूला सरकले तर त्या बाजूच्या पायाखालचा स्क्रू फिरवावा. पाय डगमगत असेल तर कॉम्प्रेसर सुरू होताना आणि थांबताना पत्रा थरथरतो, आणि रात्री ऐकू येतो तो आवाज त्याचाच असतो. पातळी नसेल तर झाकणाचे रबरही एका कोपऱ्यात सैल बसते. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढून पाहा, ती सहज निघाली तर त्या ठिकाणी फट आहे.

पहिल्या दिवशी तो रिकामाच चालवा आणि दुसऱ्या दिवशी थोडा थोडा माल भरायला लागा. एकदम वीस किलो रस आत घातला तर तो गोठायला फार वेळ लागतो आणि आधीचा मालही मऊ पडतो. आणि एका वाटीत पाणी गोठवून, त्या बर्फावर एक नाणे ठेवून ती वाटी आत राहू द्या. तुम्ही चार दिवस कुठे लग्नाला जाऊन आलात आणि नाणे वाटीच्या तळाशी गेलेले दिसले, तर मधे वीज बराच वेळ नव्हती आणि सगळे वितळून पुन्हा गोठले आहे असे समजा. नाणे वरच असेल तर निर्धास्तपणे रस काढा.

फ्रीझर आला की भिंत वाळली का तेवढे कळवा. माझी त्या वेळी वाळायला पूर्ण उन्हाळा लागला होता.